कोबोटूलबॉक्स: गावच्या वाचनालयाला सर्वेक्षणासाठी उपयोगी पडेल का?

गोव्यातल्या फोंडा आणि तिसवाडी तालुक्यांतल्या वाचनालयांची, महिला मंडळांची माणसं मला अधूनमधून विचारतात, की तुम्ही सर्वेक्षणाला जे कोबोटूलबॉक्स, म्हणजे फोनवर प्रश्नावली भरून घेण्याचं साधन, वापरता ते आम्हाला जमेल का. म्हणून एकदा सविस्तर लिहिते. माझं मत आधीच सांगून टाकते: जरूर घ्या. लहान संस्थेला पुरेल इतकं फुकट मिळतं, मराठीत चालतं, रेंज नसलेल्या वाड्यावरही चालतं. मात्र प्रश्न चांगला झाला की नाही हे ते सांगत नाही. आणि शेवटी जे तयार तक्ते देतं, ते तसेच उचलून सूचनाफलकावर लावण्याजोगे नसतात. या दोन ठिकाणी माणसानेच डोकं लावायचं आहे, आणि माझ्या मते सगळं सर्वेक्षण या दोन ठिकाणीच तरतं किंवा बुडतं.

मी उच्च माध्यमिकच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवते आणि माशेलच्या बाजूच्या एका वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे. सभासद का गळतात, वेळ बदलावी का, दिवाळी अंकांवर खर्च वाढवावा का, असे आमचे प्रश्न. तीनचारशे सभासदांच्या संस्थेला जे पडतात तेच. वर्गातली मुलं घरोघर जाऊन विचारतात, त्यांचा प्रकल्पही होतो.

कोबोटूलबॉक्स हार्वर्ड विद्यापीठातल्या हार्वर्ड ह्युमॅनिटेरियन इनिशिएटिव्हमध्ये आकाराला आलं. आता एक ना-नफा संस्था ते चालवते. युद्ध, दुष्काळ, निर्वासितांच्या छावण्या अशा ठिकाणी माहिती गोळा करणाऱ्यांसाठी ते घडवलेलं आहे, त्यामुळे नेट नसणं आणि एकाच फॉर्मला तीन भाषा लागणं या गोष्टी त्यात मुळातच धरलेल्या आहेत. ब्राउझरमध्ये फॉर्म बनवायचा, अँड्रॉइड फोनवर कोबोकलेक्ट हे ॲप टाकायचं आणि फॉर्म एकदा उतरवून घ्यायचा. मग दिवसभर भरलेले फॉर्म फोनमध्येच राहतात आणि रेंज आली की वर जातात. आयफोनवाल्या मुलांना ब्राउझरची लिंक द्यावी लागते. गूगल फॉर्म्स बनवायला याहून सोपं आहे, हे मान्यच. पण ते भरायला नेट लागतं, आणि आमच्याकडे खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीच्या, कडेच्या वाड्यावर गेलं की फोनवरच्या रेघा एकेक करून नाहीशा होतात.

भाषेची सोय मला सगळ्यांत मोलाची वाटते. इथे घरात कोंकणी बोलतात, पेपर मराठी वाचतात, मुलं इंग्रजीत शिकतात. फॉर्म फक्त मराठीत ठेवला तर मुलगा दारात उभा राहून प्रश्न मनातल्या मनात वाचतो आणि आपल्या शब्दांत कोंकणीत विचारतो. प्रत्येक मुलगा वेगळ्या शब्दांत विचारणार, म्हणजे प्रत्येक घरात प्रश्नच वेगळा. कोबोमध्ये एकाच फॉर्मला मराठी, कोंकणी, इंग्रजी अशी तिन्ही रूपं लावता येतात. आम्ही कोंकणी मजकूरही आधीच लिहून टाकतो आणि मुलांना ताकीद देतो: जसं लिहिलंय तसंच वाचा, एक शब्द पदरचा नको.

आणि गोव्यात ‘तुमची भाषा कोणती’ असं मोघम कधीच विचारू नका. घरात काय बोलता, पुस्तक कोणत्या भाषेतलं नेता, मुलांसाठी कोणत्या भाषेतलं हवं, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला लावलं तर पुस्तकखरेदीची यादी पार चुकेल, शिवाय दारात उगाच वाद सुरू होईल.

आता या साधनातल्या ज्या गोष्टीचं लोकांना सगळ्यांत कौतुक वाटतं तिच्याबद्दल. एका उत्तरावरून पुढचे प्रश्न आपोआप गाळता येतात. कोणी ‘नाही’ म्हटलं की त्यापुढचे गैरलागू प्रश्न दिसतच नाहीत. वेळ वाचतो, मुलं गोंधळत नाहीत. पण पूर्वचाचणीच्या वेळी काय झालं ते सांगते. कार्यकारिणीने दिलेला पहिला प्रश्न होता, ‘तुम्ही वाचनालयात नियमित येता का?’ सत्तरीच्या एका आजींना माझ्या विद्यार्थिनीने तो विचारला. आजी म्हणाल्या, “हांव खंय येतां गे बाय, पांय दुखतात. नातू हाडटा पुस्तकां.” म्हणजे पाय दुखतात म्हणून त्या येत नाहीत, पुस्तकं नातू आणतो. मुलीने प्रामाणिकपणे ‘नाही’वर बोट ठेवलं आणि फॉर्म थेट शेवटच्या पानावर गेला. आजींच्या मांडीवर आमच्याच वाचनालयाचं पुस्तक होतं, शिक्का दिसत होता. आठवड्याला दोन पुस्तकं संपवणारी बाई आमच्या नोंदीत ‘न वाचणारी’ म्हणून गेली असती, आणि आवडीनिवडीचा एकही प्रश्न तिच्यापर्यंत पोचला नसता.

म्हणून प्रश्न असा केला: ‘गेल्या महिनाभरात तुम्ही वाचनालयाचं एखादं पुस्तक वाचलंत का?’ आणि त्याच्या खाली वेगळा: ‘पुस्तक बदलायला कोण जातं?’ दुसऱ्या प्रश्नाने आम्हाला एक गोष्ट नीट कळली. पुस्तक वाचणारा आणि निवडून आणणारा ही पुष्कळ घरांत दोन वेगळी माणसं आहेत, तेव्हा दारातल्या नव्या पुस्तकांच्या मांडणीचा वाचणाऱ्याला काहीच उपयोग नाही. त्याच्या घरी यादी पोचली पाहिजे.

‘नियमित’ हा शब्दही त्याच वेळी काढून टाकला. कोणाला महिन्यातून एकदा म्हणजे नियमित वाटतं, कोणाला रोज. माणसाला सवय विचारू नये, ठरावीक मुदतीत काय केलं ते विचारावं. आणि मुदत एकदा ठरली की ती बदलू नये. याचं आपल्याच देशातलं मोठं उदाहरण मी वर्गात दरवर्षी सांगते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 1999-2000 मधल्या 55व्या फेरीत अन्नावरचा खर्च त्याच घरांना 7 दिवसांचा आणि 30 दिवसांचा असा दोन्ही तऱ्हांनी विचारला गेला. आधीच्या मोठ्या फेऱ्यांमध्ये 30 दिवसांचाच विचारत. दोन्ही प्रश्न शेजारीशेजारी आल्यावर एका उत्तराचा रंग दुसऱ्याला लागतो, अशी अभ्यासकांनी शंका घेतली, आणि देशातली गरिबी खरोखर किती कमी झाली यावर पुढे कित्येक वर्षं वाद चालला. एवढ्या मोठ्या यंत्रणेची आकडेवारी एका मुदतीच्या प्रश्नाने तुलनेला अवघड झाली. आपल्या वाचनालयाला यंदा ‘गेल्या महिन्यात’ आणि पुढच्या वर्षी ‘गेल्या तीन महिन्यांत’ असं विचारून वाचक वाढले म्हणता येणार नाही.

दुसरा प्रश्न, ज्यावर कार्यकारिणीत बराच वेळ गेला: ‘वाचनालय रात्री आठपर्यंत उघडं असावं असं तुम्हाला वाटतं ना?’ हा प्रश्न विचारणारी माझी विद्यार्थिनी, सोबत आमचे अध्यक्ष, ज्यांना अख्खा गाव मास्तर म्हणतो. मास्तरांच्या तोंडावर ‘नको’ कोण म्हणेल? आपल्याकडे दारात आलेल्याचं मन मोडत नाहीत. शेवटच्या त्या ‘ना’मध्येच उत्तर भरलेलं आहे. शिवाय फुकट मिळत असेल तर जास्त वेळ कोणाला नको असतो? आम्ही तो मोडून तीन प्रश्न केले. गेल्या आठवड्यात कामाच्या दिवशी संध्याकाळी सहा ते आठ तुम्ही कुठे होता. कोणत्या वेळी येणं जमेल. आणि मदतनिसाच्या जादा तासांसाठी वर्गणी थोडी वाढली तर चालेल का. मास्तरांना मी विनंती केली, की तुम्ही मुलांबरोबर फिरू नका. त्यांनी ती मानली, याचं मला मनापासून बरं वाटलं.

‘पुस्तकं आणि सेवा यांबाबत समाधानी आहात का’ असले जोडप्रश्न तर सरळ कापा. पुस्तकं आवडली पण काउंटरवरची वागणूक नाही आवडली, अशा माणसाने काय सांगायचं?

पर्यायांचंही तसंच. आपण जे पर्याय देतो त्यांच्याच कुंपणात उत्तर फिरतं. गोमंतकीयांना हे वेगळं समजावायला नको. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात मतपत्रिकेवर दोनच गोष्टी होत्या, महाराष्ट्रात विलीनीकरणासाठी फूल आणि संघप्रदेश राहण्यासाठी दोन पानं. घटकराज्य हा पर्याय कागदावर नव्हता. ते 30 मे 1987 ला झालं. तो राजकीय निर्णयासाठीचा कौल होता, तिथे दोनच पर्याय ठेवण्यामागे कारण होतं. पण माहिती गोळा करायला निघालेल्याने ‘यातलं काहीच नाही’, ‘आठवत नाही’ आणि ‘सांगायचं नाही’ यांना जागा ठेवलीच पाहिजे, आणि तिन्ही वेगवेगळी. कोबोमध्ये कोणताही प्रश्न सक्तीचा करण्याची सोय आहे. ती सगळीकडे लावण्याचा मोह होतो. लावू नका. सुटका नसली की माणूस काहीतरी ठोकून देतो, आणि ते खऱ्या उत्तरांत असं मिसळतं की पुढे वेगळं काढता येत नाही.

पर्यायांचा क्रम दर फॉर्मला आपोआप बदलण्याची सोयही यात आहे. ती नक्की वापरा. तोंडी वाचून दाखवलं की लोकांच्या लक्षात शेवटचे पर्याय राहतात, छापील यादीत वरचे पटकन निवडले जातात. मासिकांची यादी विचारताना याचा फरक पडतो. फक्त ‘कधीच नाही’पासून ‘रोज’पर्यंत असे चढते पर्याय असतील तिथे क्रम हलवू नका. आणि वयोगट, वर्गणी वगैरे देताना 10 ते 20, 20 ते 30 असं लिहू नका. वीस वर्षांच्या मुलाने कुठे जायचं?

कोणाला विचारायचं, याबाबत कोबो गप्प असतं. इथे बहुतेक संस्था लिंक व्हॉट्सॲपच्या गटात टाकून मोकळ्या होतात. गटात उत्तर देणारे म्हणजे ज्यांना वाचनालयाची आधीपासूनच आस्था आहे ते. गळालेले सभासद गटात नाहीतच, आणि आमचा मूळ प्रश्न तर त्यांच्याबद्दल होता. अमेरिकेत 1936 च्या अध्यक्षीय निवडणुकीत लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने जवळपास 1 कोटी लोकांना चिठ्ठ्या पाठवल्या, 20 लाखांहून जास्त परत आल्या, आणि त्यावरून त्यांनी लँडन जिंकणार असं छापलं. रूझवेल्टनी 48 पैकी 46 राज्यं जिंकली. चिठ्ठ्या गेल्या होत्या मुख्यतः टेलिफोन आणि मोटारी असलेल्यांच्या याद्यांवरून, आणि परत पाठवणारेही आपल्या हौसेचे. वीस लाख उत्तरांनी तो दोष झाकला गेला नाही, तर आमच्या गटातल्या साठ उत्तरांनी कसा झाकेल?

आम्ही सभासद नोंदवहीतून, वर्गणी थकलेल्यांसकट, चिठ्ठ्या काढून नावं निवडतो. निवडलेलं घर बंद मिळालं तर शेजारच्या घरी जायचं नाही, पुन्हा तिथेच जायचं, आणि वेळ बदलून. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारी माणसं दुपारी तीनला घरी नसतात. दुपारीच फिरलात तर गाव निवृत्तांचं आणि गृहिणींचं आहे असं वाटेल, आणि संध्याकाळची वेळ कोणाला नको असा निकाल निघेल. चवथीचे, म्हणजे गणेश चतुर्थीचे, दिवसही टाळा. मुंबईहून आलेल्यांनी घरं भरलेली असतात, उत्तर पाहुणाच देतो.

एक युक्ती मात्र सांगितलीच पाहिजे, आणि ती संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिसांची आहे. नमुना पाहणीत एकाच भागाचे दोन स्वतंत्र उपनमुने काढून ते वेगवेगळ्या गटांकडून करून घ्यायचे, असं त्यांनी भारतात रुजवलं. आम्ही निवडलेल्या नावांचे चिठ्ठ्यांनीच दोन भाग करतो आणि मुलांचे दोन गट पाठवतो. फॉर्मच्या सुरुवातीला गटाची निवड असते. कोबोच्या अहवालात एखाद्या प्रश्नाप्रमाणे उत्तरं फोडून पाहता येतात, म्हणून गट ‘अ’ आणि गट ‘ब’ शेजारीशेजारी दिसतात. दोघांचं चित्र साधारण सारखं आलं तर धीर येतो. फार वेगळं आलं तर नेमका कोणता प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने विचारला जातोय ते शोधायचं. एरवी हे कागदावर करायला दिवस जातात. फॉर्म सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळही नोंदवता येते, त्यामुळे वीस प्रश्नांचा फॉर्म दोन मिनिटांत भरलेला दिसला की त्या मुलाशी शांतपणे बोलता येतं.

आता निकाल. कोबोच्या अहवालात प्रत्येक प्रश्नावर एक ओळ असते, इतक्यांपैकी इतक्यांनी उत्तर दिलं आणि इतक्यांची माहिती नाही. खाली आलेख, मग तक्ता: पर्याय, संख्या, टक्के. ती वरची ओळ सगळ्यांत महत्त्वाची, आणि आलेखाचं चित्र कापून अहवालात चिकटवताना नेमकी तीच गळते.

समजा 40 घरांत विचारलं. त्यातल्या 18 जणांनी गेल्या महिन्यात पुस्तक वाचलं होतं, म्हणून दिवाळी अंकांचा प्रश्न फक्त त्या 18 जणांना गेला. 9 जणांनी अंक हवेत म्हटलं. तक्त्यात 50 टक्के दिसतील. फलकावर ‘निम्म्या सभासदांना दिवाळी अंक हवेत’ असं लागलं तर ते खोटं आहे; 9 वाचकांना हवेत, आणि बाकी 22 जणांना विचारलेलंच नाही. आमचा नियम असा, की जिथे उत्तर देणारे पन्नासच्या आत तिथे टक्के लिहायचेच नाहीत, ‘18 पैकी 9’ असं सरळ लिहायचं. वाचणाऱ्याला लगेच वजन कळतं.

टक्के लिहायचेच झाले तर सोबत चुकीची मर्यादाही, म्हणजे खरा आकडा किती इकडेतिकडे असू शकतो तेही, लिहावी. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नमुन्यात 100 जण असतील तर साधारण 10 टक्के इकडेतिकडे, 400 असतील तर 5, 1,000 असतील तर 3. मर्यादा निम्मी करायची तर माणसं चौपट लागतात. 40 पैकी 26 जणांना संध्याकाळ हवी म्हणजे 65 टक्के खरे, पण ते 50 ते 80 यांच्यामध्ये कुठेही असू शकतं. म्हणजे बहुमत आहे की नाही हेही ठामपणे म्हणता येत नाही, आणि तेवढ्यावर मदतनिसाचे तास बदलणं त्याच्यावर अन्याय आहे. अनेक पर्याय निवडता येणाऱ्या प्रश्नात टक्क्यांची बेरीज शंभरावर जाते, हेही तक्त्याखाली लिहा, नाहीतर सभेत कोणीतरी बेरीज करून सगळा अहवालच बाद ठरवतो.

मागे एका खाजगी एजन्सीने आमच्याच भागात केलेल्या पाहणीचा अहवाल माझ्या हाती आला होता. गुळगुळीत कागद, पानोपानी रंगीत वर्तुळं. कोणाला विचारलं, कधी विचारलं, प्रश्नाचे शब्द काय होते, यातलं एकही नाही. ‘82 टक्के समाधानी’ एवढंच. कशाबद्दल समाधानी, आणि पर्याय किती दिले होते? संस्थेने त्यासाठी चांगले पैसे मोजले होते, म्हणून मला त्याचा राग येतो. असा अहवाल घेणाऱ्याने पहिल्या भेटीतच प्रश्नावलीची प्रत मागावी.

आमच्या अहवालात प्रत्येक तक्त्यावर प्रश्न जसाच्या तसा छापलेला असतो, खाली तारखा, किती जणांना गाठायचं होतं आणि किती भेटले. ‘इतर’मध्ये लोकांनी बोललेलं मी स्वतः सगळं वाचते आणि गट पाडते. “वेळ मेळ्ळो जाल्यार येतां”, म्हणजे वेळ मिळाला तर येतो, असं पुष्कळ जण सांगतात. ते वेळेच्या तक्रारीत ढकलायचं नाही, बहुतेकदा तो सभ्य नकार असतो. त्याचा आम्ही वेगळा गट ठेवतो.

तांत्रिक बाजूने थोडं. पर्यायांचे मथळे मराठीत ठेवा, पण प्रत्येकाला आतलं संकेतनाव स्वतः रोमन अक्षरांत छोटं द्या, विश्लेषण सोपं जातं. सर्वेक्षण सुरू झाल्यावर पर्याय बदलू नका, माहिती दोन रकान्यांत विभागली जाते. गोळा झालेली माहिती उतरवून घेताना एक्सेलची फाइल घ्या. सीएसव्ही ही साधी मजकुराची फाइल थेट एक्सेलमध्ये उघडली तर देवनागरीचे कधीकधी चौकोन आणि खुणा होतात. घराचं जीपीएस ठिकाण, फोटो यांची सोय आहे म्हणून घेऊ नका; वाचनालयाला त्याची गरज नाही. नाव आणि फोन लागत असेल तर का हवा ते आधी सांगून संमती घ्या. 2023 चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आहेच, पण तो नसता तरी शेजाऱ्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट सांभाळायची असते. आमच्याकडे अहवाल मंजूर झाला की नावांचा रकाना काढून टाकतो आणि मुलांच्या फोनमधले भरलेले फॉर्म माझ्यासमोर पुसून घेतो.

कोणाला पहिला फॉर्म बनवायला मदत हवी असेल तर परीक्षा संपल्यावर कोणत्याही रविवारी वाचनालयात या. येताना प्रश्न कागदावर लिहून आणा, आणि त्यातला प्रत्येक प्रश्न आधी घरच्या एका माणसाला आणि शेजारच्या एकाला मोठ्याने विचारून या.